अपस्मार : दोष रक्ताचा की मेंदूच्या घडणीचा?

घरातील मुलाला अपस्माराची आकडी आली, की कोणी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतो, कोणी चपलेकडे धाव घेतो, आणि दोन मिनिटांनी मूल शांत झाले, की कांद्याचा गुण आला असा निर्वाळा सारे घर देते. वास्तविक बहुतेक आकड्या तेवढ्या अवधीत आपोआपच ओसरतात. सुशिक्षितांची समजूत याहून चिवट आहे. मेंदूच्या रक्तप्रवाहात बिघाड झाला म्हणून आकडी आली, असे ते मानतात, आणि या समजुतीला एके काळी वैद्यकाचाच आश्रय होता : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलचे विल्यम अलेक्झांडर रुग्णांच्या मानेतील धमन्या बांधून अपस्मार हटविण्याची खटपट करीत होते.

१९३४ साली अमेरिकेत गिब्ज व लेनॉक्स या संशोधकांनी मानेतील शिरेत प्रवाहमापक सुई ठेवून नोंदी घेतल्या, तेव्हा आकडीपूर्वी रक्त घटल्याचा पुरावा मिळाला नाही; आकडी सुरू झाल्यावर मात्र प्रवाह वाढलेला दिसला. म्हणजे मेंदूतील पेशी आधी पेटतात, आणि त्यांची प्राणवायू व शर्करा यांची वाढलेली मागणी पुरविण्यासाठी रक्त मागाहून धावते.

मग पेशी पेटतात कशाने? काही मुलांत गर्भावस्थेतच मेंदूच्या बाह्यकाची घडण बिघडते. पेशींचे थर विस्कटतात, काही पेशी अवाढव्य व विरूप होतात. १९७१ मध्ये टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या दहा रुग्णांच्या मेंदूतील अशा भागाचे वर्णन प्रसिद्ध केले. नुसत्या डोळ्यांना तो बहुधा निरोगीच भासे. आजही एमआरआय निर्दोष आला म्हणून घडण निर्दोष, असे बेलाशक म्हणता येत नाही.

दोन आकड्यांच्या मधल्या काळात या भागाकडे रक्त पुष्कळदा कमी जाते, त्यावरून तो निर्जीव असल्याचा ग्रह होतो. पण आकडीचा उगम तेथेच असतो, आणि ती येताच तेथील प्रवाह उसळतो. हा चढउतारच तपासाला उपयोगी पडतो. स्पेक्ट नावाच्या तपासणीत परिचारिका किरणोत्सर्गी टेक्नेशियमयुक्त द्रव्याची सिरिंज सज्ज ठेवून मुलाच्या उशाशी बसते; हात ताठ होऊ लागताच आई घंटा दाबते, आणि काही सेकंदांत द्रव्य शिरेत जाते. ते मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत जेथे रक्त अधिक तेथे अधिक रुजते व तेथेच राहते, म्हणून छायाचित्र मूल शांत झाल्यावरही घेता येते. मात्र सुई देण्यास विलंब झाला, तर आकडी जेथे पसरली ती जागा उजळते, जेथे उगवली ती नव्हे. म्हणूनच मेंदूचा विद्युत्‌लेख (ईईजी), एमआरआय आणि हे चित्र यांची परस्परांशी रुजुवात घातल्यावाचून शस्त्रक्रियेने कोणता भाग काढावा याचा फैसला होत नाही.

योग्य मात्रेत घेतलेल्या दोन औषधांनीही ज्या मुलाची आकडी आटोक्यात येत नाही, त्याच्या आईबापांनी तिसऱ्या-चौथ्या औषधाच्या आशेवर वर्षे दवडू नयेत. शस्त्रक्रिया शक्य आहे काय, याची चौकशी अपस्मारतज्ज्ञाकडे आजच करावी.