दारू पचवणाऱ्या पोराची काळजी करा

वरातीत, मित्रांच्या बैठकीत एखाद्या पोराचं कौतुक होतं : ‘चार पेग मारले तरी गडी सरळ चालतो, बापासारखीच पचवतो!’ त्याच्या घरात दारूने आधीच एखाद्याचा संसार बुडवला असेल, तर काळजी करावी ती याच पोराची.

अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये मार्क शुकिट या मनोविकारतज्ज्ञाने हे नीट तपासलं. विशीतल्या तरुणांना प्रयोगशाळेत मोजून दारू दिली. रक्तातलं तिचं प्रमाण पाहिलं, उभं राहिल्यावर शरीर किती डोलतं तेही मोजलं. व्यसनी बापांच्या बऱ्याच मुलांच्या रक्तात दारू इतरांएवढीच होती, पण त्यांना ती तेवढी चढत नव्हती. सुमारे दहा वर्षांनी त्यांची पुन्हा गाठ घेतली. व्यसनी बापांच्या या मुलांपैकी ज्यांना दारू कमी चढायची, त्यांतले 56 टक्के व्यसनात सापडले होते. ज्यांना लवकर चढायची, त्यांतले 14 टक्के. डोकं गरगरू लागलं की माणूस हात आवरतो. ज्याला हा इशाराच उशिरा मिळतो, तो पीत राहतो.

पण व्यसन बापाचं बघून लागतं की रक्तातूनच येतं? डॉनल्ड गुडविन यांनी 1973 मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आतच हे मुलगे दुसऱ्या घरी गेले होते. तरीही ज्यांच्या जन्मदात्या आईला किंवा वडिलांना व्यसन होतं, त्यांच्यापैकी 18 टक्के पुढे व्यसनी झाले. इतरांत हे प्रमाण 5 टक्के होतं. म्हणजे धोका जवळपास चौपट. आणि तरीही त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक जण व्यसनी झाले नाहीत, हे मला तितकंच मोलाचं वाटतं.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा. बाकीच्यात घर येतं, संगत येते, दारू किती सहज मिळते तेही येतं. 1998 मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात बालपणी मारहाण, आईचा छळ, घरातलं व्यसन अशा चार किंवा अधिक प्रकारच्या गोष्टी सोसलेल्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट आढळला. दार वाजलं की पांघरूण डोक्यावर ओढून घेणारी मुलं ती हीच.

मधुमेह घराण्यात असेल तर आपण मुलांना सांगतो. आजोबांची किंवा काकांची दारू मात्र झाकून ठेवतो. मुलगा असो की मुलगी, कॉलेजला जाण्याआधी त्यांना समोर बसवून हे सांगा. घरात आज कुणी पीत असेल, तर पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राची मदत घ्या, आणि तिथे मुलांबद्दलही बोला.