लंका पेटली आपल्या नाशकात

पंचवटीत वाढलेल्या माणसाला रामायणाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. सीतागुंफा, काळाराम, रामकुंड, तपोवन ही आमच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची ठिकाणे. परंतु त्याच रामायणातील वनवासाचा आणि मारुतीच्या पराक्रमाचा भाग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या गावी राहणाऱ्या एका माणसाने पडद्यावर आणला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. दादासाहेब फाळके यांचा १९१७ सालचा 'लंकादहन' हा तो मूकपट. फाळके म्हटले की आपण 'राजा हरिश्चंद्र' हे नाव घेतो आणि थांबतो. प्रस्तुत लेखात 'लंकादहन'सारखा रानावनातील साहसपट त्या काळी कसा तयार होत असे आणि त्यामागे कोणाकोणाचे हात राबत, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. पुढे छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. जादूचे प्रयोगही ते करीत. वरवर पाहता हा एका धंद्यात न टिकणाऱ्या माणसाचा इतिहास वाटेल. पण चित्रपटाला नेमके हे सगळेच लागते. १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व इतर सामान घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. त्या वेळी चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले. नदी, घाट, डोंगर आणि रान हाताशी असलेले गाव पुराणकथांच्या चित्रपटांना किती सोयीचे, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

पुढे १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. कच्ची फिल्म परदेशातून येत असे. ती महाग झाली, मिळेनाशी झाली. भांडवल घालणारेही मागे सरले. अशा ओढाताणीच्या काळानंतर 'लंकादहन' तयार झाला, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकिकतीचे मोल कळेल.

प्रथम फिल्म म्हणजे काय ते पाहू. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या एक फूट फिल्मवर सोळा चित्रे मावतात. कॅमेऱ्याला हाताने फिरवायचा दांडा असे. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उतरत, म्हणून सेकंदाला दोन फेरे या सारख्या गतीने तो फिरवावा लागे. हात थकला की गती मंदावणार आणि पडद्यावरील माणसे उगीच धावू लागणार! 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगतात. याचा अर्थ ५९,२०० चित्रे. शिवाय फिल्म यंत्रात पुढे सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे लागतात. एका चित्रामागे एका कडेला चार. त्या काळी फिल्म बिनछिद्रांची येई आणि छिद्रे घरीच पाडावी लागत. ३,७०० फुटांना एका कडेची छिद्रे होतात २,३६,८०० आणि तितकीच दुसऱ्या कडेची. हे काम अंधाऱ्या खोलीत, चाचपडत करायचे, कारण उजेड लागला की फिल्म वाया. फाळक्यांच्या घरी ते सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या होत्या आणि चित्रपटात काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला नाही, पण दर चित्राच्या कडेला त्यांच्या हाताच्या खुणा होत्या असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

आता मारुतीच्या उड्डाणाकडे वळू. 'लंकादहना'त मारुतीचे काम गणपत शिंदे यांनी केले. मारुती आकाशात झेपावतो आणि वर वर जाता जाता लहान होत ढगांत दिसेनासा होतो, हे दृश्य पाहणारे थक्क होत. अशी दृश्ये घेण्याची त्या काळची रीत समजायला सोपी आहे, करायला अवघड. काळ्या पडद्यापुढे नटाला उभे करायचे आणि कॅमेरा हळूहळू मागे न्यायचा, म्हणजे आकृती लहान होत जाते. काळ्या भागावर प्रकाश पडत नसल्याने फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग फिल्म उलटी गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसऱ्यांदा आकाशाचे चित्र घ्यायचे. दांड्याचे फेरे मोजून ठेवलेले असतील तरच दोन्ही चित्रे जुळतात. एक फेरा चुकला तर मारुती ढगाआधीच नाहीसा व्हायचा! जादूगाराची बोटे आणि कारकुनाचा हिशेब, दोन्ही एकाच माणसापाशी असावे लागत ते असे.

लंका जाळण्यासाठी टेबलावर मावेल एवढ्या प्रतिकृतीचा उपयोग केला होता. माझे वडील सुतारकाम करतात आणि गणेशोत्सवात मंडळांचे देखावे उभारतात. पुठ्ठा, कामट्या आणि प्लायवूडचे महाल त्यांनी पुष्कळ बांधले आहेत. त्यांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "महाल वीतभर करता येईल पोरी, पण आगीला माप नसतं. ज्वाळ काही वीतभराची होत नाही." हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, पण या दृश्यातील खरी अडचण हीच आहे. छोट्या घराला लागलेली ज्वाळ घराच्या मानाने मोठी दिसते, चटचट हलते आणि घर क्षणात खाक होते. पाहणाऱ्याला लगेच कळते की हे खेळण्यातले आहे. यावर उपाय कॅमेऱ्यापाशी असतो. दांडा दुप्पट वेगाने फिरवून चित्रे घ्यावीत आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवावीत. म्हणजे ज्वाळा संथ, जड आणि म्हणून प्रचंड वाटतात. प्रतिकृतीचे चित्रीकरण करणारे आजवर याच तत्त्वाने चालत आले आहेत. वडिलांना हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग ती लंका बांधली कुणी?" हा प्रश्न मला एकाही पुस्तकाने विचारला नव्हता.

या चित्रपटातील सर्वांत नवलाची गोष्ट मात्र राम आणि सीता यांची आहे. दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या. त्याचे नाव अण्णा साळुंके. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीच्या कामाला कोणी स्त्री तयार होईना, तेव्हा मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा हा सडपातळ तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडला. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, अशी हकिकत सांगतात. तोच तरुण चार वर्षांनी राम झाला आणि सीताही झाला. कथानक येथे मदतीला येते. सीताहरणानंतर दोघांची ताटातूट आहे. राम रानात सीतेला शोधतो, सीता अशोकवनात बसलेली असते. त्यामुळे एकाचे कपडे उतरवून दुसऱ्याचे चढवायला वेळ मिळतो आणि पुढची जोडणी कात्री करते. भारतीय चित्रपटातील पहिली दुहेरी भूमिका म्हणून ही नोंदली जाते.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १९१३ सालच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली होती. म्हणजे स्त्री पडद्यावर येऊन गेली होती. तरीही चार वर्षांनी सीता पुन्हा पुरुषानेच केली. दोघींनी दार उघडले म्हणून ते सगळ्यांसाठी उघडे राहते असे नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे हे वाक्य मी केवळ लिहायचे म्हणून लिहीत नाही. आणि साळुंके यांचे पुढे काय झाले? तेही सांगण्याजोगे आहे. हॉटेलातून आलेला हा माणूस पुढे कॅमेरा चालवायला शिकला आणि छायाचित्रकार म्हणून त्याने अनेक चित्रपटांचे काम केले. राम होण्यापेक्षा मला हा पराक्रम मोठा वाटतो.

'लंकादहना'ला लोकांनी उदंड आश्रय दिला. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, आणि तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, अशा आठवणी सांगितल्या जातात. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' स्थापन झाली, तीमागे या यशाचा वाटा होता. याच सुमारास फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या विषयावर एक लहानसा चित्रपटही काढला आणि 'नवयुग' मासिकात आपल्या धंद्याची हकिकत लिहिली. आपली विद्या कुलूपबंद ठेवण्याऐवजी ती लोकांना दाखवावी, असे वाटणारा हा कारखानदार होता.

रानातला वीर म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे टारझन येतो. टारझनवरचा पहिला अमेरिकन चित्रपट १९१८ सालचा, म्हणजे आपल्या मारुतीनंतरचा. योगायोग असा की आपल्याकडे १९३७ साली 'तुफानी टारझन' काढला तो वाडिया बंधूंनी, आणि त्यांपैकी जे. बी. एच. वाडिया यांनी आपल्यावर 'लंकादहना'ने केलेला परिणाम लिहून ठेवला आहे. उडत लहान होत जाणारा मारुती आणि टेबलावर जळणारी लंका हे त्यांच्या आठवणीतलेच प्रसंग. परदेशी वीराला आपल्या रानात आणणाऱ्याच्या मनात आधी आपलाच वीर घर करून बसला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इतके लोकप्रिय असूनही 'लंकादहन' आज पूर्ण उपलब्ध नाही. त्याचे थोडे तुकडे तेवढे उरले आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेई आणि नुसती डब्यात ठेवली तरी कुजे. १९६४ साली पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग मेहनतीने जमविले, म्हणून आपल्याला काही तरी पाहायला मिळते. दादासाहेब स्वतः १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच वारले. त्यांच्या नावाने १९६९ पासून देशाचा मोठा पुरस्कार दिला जातो, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. हे योग्यच झाले. पण वडिलांचा प्रश्न तसाच उरतो. लंका बांधणारा सुतार, मारुतीची शेपटी शिवणारा शिंपी, देखावे रंगविणारा रंगारी, वानरसेनेतील पोरे यांची नावे कोठे आहेत?

मित्रमैत्रिणींनो, ती माणसे हयात नाहीत. परंतु त्यांची पतवंडे याच गावात, कदाचित याच वर्गात बसत असतील. कोणाच्या माळ्यावर जुना फोटो असेल, एखाद्या वहीत मजुरीचा हिशेब असेल, एखाद्या आजीने सासूकडून ऐकलेली गोष्ट असेल. येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या घरी आणि आळीत एवढे विचारावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून लिहून काढावे आणि आपल्या इतिहास विभागाकडे द्यावे. दहा वह्यांतून एखादे जरी नाव हाती लागले, तरी त्या लंकेचा एक कारागीर आपल्याला सापडेल. सुरुवात मी सुतार आळीपासून करणार आहे.