वर्ध्यातील हत्तीरोग आणि डासाची तपासणी

हत्तीरोगाचा कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, माणसाच्या लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो. त्याची सूक्ष्म पिल्ले म्हणजे मायक्रोफायलेरिया. ती रक्तात उतरतात, पण भारतातल्या प्रकारात ती दिवसा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्रीच बोटाच्या रक्तात येतात. क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस या डासाची मादीही रात्रीच चावते. वर्धा हा विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. येथील पाहणीची सारी रीत या रात्रीच्या वेळापत्रकाने ठरवली.

क्युलेक्सला घाण पाणी लागते. गटार, तुंबलेली नाली, संडासाची टाकी ही त्याची घरे. वर्ध्याची काळी माती पाणी सहज मुरू देत नाही, त्यामुळे शोषखड्डा नीट न बांधल्यास सांडपाणी अंगणातच साचते. स्वच्छ पाण्याच्या रांजणात वाढणाऱ्या एडिस डासासाठी कोरडा दिवस पाळून, म्हणजे भांडी ठरावीक दिवशी रिकामी करून भागते. क्युलेक्ससाठी नाली वाहती ठेवावी लागते आणि टाकीच्या वायुनळीला जाळी बांधावी लागते. गावकऱ्याला हा फरक क्वचितच कुणी समजावून सांगतो.

रुग्ण शोधण्यासाठी हत्तीरोग नियंत्रण पथके रात्री घरोघर जाऊन रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. झोपेतून उठून बोट टोचून घ्यायला कोण राजी होणार? म्हणून डासालाच साक्षीला बोलावण्याची पद्धत रूढ झाली. कीटक समाहारक, म्हणजे डास गोळा करणारा कर्मचारी, सकाळी घरांत जाऊन टॉर्च आणि शोषनळीने भिंतीवर बसलेले डास पकडतो. प्रयोगशाळेत मादीचे डोके, छाती आणि पोट वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रक्तातून आलेले पिल्लू आधी डासाच्या छातीच्या स्नायूंत जाड, आखूड होते. साधारण दहा ते चौदा दिवसांत ते संसर्गक्षम तिसऱ्या अवस्थेला पोचते आणि सोंडेकडे सरकते. कोणत्याही अवस्थेतला कृमी सापडला तर डास बाधित आणि तिसऱ्या अवस्थेतला सापडला तर संसर्गक्षम, असे दोन आकडे निघतात. मलेरियाच्या परजीवीप्रमाणे हा कृमी डासाच्या अंगात संख्येने वाढत नाही. त्यामुळे एका चाव्याने रोग सहसा जडत नाही, वर्षानुवर्षांचे चावे लागतात.

पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात कृमीचा डासातला हा प्रवास पाहिला. डास पाण्यात मरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे मात्र त्यांना वाटत राहिले. १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी सोंडेत कृमी दाखवल्यावर तो समज गेला.

रुग्ण शोधण्याची वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची वाट वेगळी होती. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारली. संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात आणि जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. भास्कर हरिनाथ यांच्या गटाने रात्रीचे बंधन तोडण्याचा प्रयत्न केला. मायक्रोफायलेरिया प्रयोगशाळेत जगवून ते बाहेर टाकत असलेली प्रथिने गोळा करायची, त्यांच्या आधारे एलायझा चाचणी बेतायची आणि दिवसा घेतलेल्या रक्तात कृमीचे प्रतिजन वा त्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधायची, असा तो मार्ग. रक्तात पिल्ले न सापडताही रोग असलेल्यांच्या निदानातही असल्या चाचण्यांचा उपयोग होतो.

डासाची तपासणी त्यामुळे संपली नाही, तिचे साधन बदलले. संसर्ग कमी झाल्यावर शेकडो डास कापूनही एखादाच बाधित निघतो, म्हणून डासांचे गट करून त्यांतील कृमीचे डीएनए पीसीआर चाचणीने शोधतात.

औषधाची बाजू सरळ आहे. २००४ पासून देशातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षाला एकदा डीईसी या कृमिनाशकाच्या गोळ्या सामूहिकरीत्या दिल्या जाऊ लागल्या, पुढे अल्बेंडाझोलची जोड मिळाली. २०१९ मध्ये शेजारच्या नागपुरात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मोहीम झाली. या गोळ्या पिल्लांना झटकन मारतात; प्रौढ कृमी मात्र कित्येक वर्षे तगतो, म्हणून मोहीम वर्षामागून वर्षे चालवावी लागते आणि तिच्यानंतर सहा-सात वर्षांच्या मुलांची रक्ततपासणी करून संक्रमण थांबले का ते पाहतात. ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांना गोळीपेक्षा पाय रोज धुणे, जखमा कोरड्या ठेवणे आणि व्यायाम यांचाच खरा आधार असतो.