तीनास एक : वरसे गांवचा अक्षांश आणि ताऱ्यांचा पाठलाग

ताऱ्यांचें छायाचित्र घेऊं पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती पृथ्वीच्या फिरण्याची. डोळ्यांस आकाश स्थिर भासतें. परंतु कॅमेऱ्याचें भिंग अर्धा मिनिट उघडें ठेवलें कीं तेंच आकाश सरकत असल्याचें उघड होतें, आणि टिंबांऐवजीं लहान लहान रेघा उमटतात. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत स्वतःभोंवतीं एक फेरा पुरा करते. त्यामुळें विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदास १५ विकला पश्चिमेकडे सरकतो. त्याच्या मागोमाग, त्याच गतीनें, कॅमेरा अथवा दुर्बीण फिरविणें हाच यावरचा उपाय. हें काम करणाऱ्या यंत्रास विषुववृत्तीय बैठक म्हणतात. तिच्या दोन अक्षांपैकीं एक, ज्याला आपण ध्रुवाक्ष म्हणूं, तो पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर ठेवावयाचा असतो. एवढें साधलें कीं मग दुसऱ्या अक्षास हात लावण्याचें कारण उरत नाहीं. पहिल्या अक्षाभोंवतींची मंद गति ताऱ्यास धरून ठेवते.

समांतर ठेवणें म्हणजे दोनच गोष्टी करणें : अक्षाचें तोंड खऱ्या उत्तरेस करणें, आणि क्षितिजापासून त्याची उंची त्या गांवच्या अक्षांशाएवढी ठेवणें. विषुववृत्तावर उभ्या असलेल्या मनुष्यास आकाशाचा ध्रुवबिंदु क्षितिजाला टेकलेला दिसेल, उत्तर ध्रुवावरील मनुष्यास तो डोक्यावर दिसेल; मधल्या प्रदेशांत आपण जितके अंश उत्तरेस असूं तितकेच अंश तो वर असतो. रोह्याला लागून असलेल्या वरसे गांवचा अक्षांश सुमारें १८ अंश २६ कला आहे. तेव्हां तेथील ध्रुवबिंदूची उंचीही तेवढीच, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर दोन मुठींहून थोडी कमीच.

आणि येथेंच खरी कुचंबणा होते. या बैठकींबरोबर येणारीं माहितीपत्रकें बहुधा युरोप-अमेरिकेंतील वाचकांसाठीं लिहिलेलीं असतात. त्यांच्या देशीं ध्रुव चाळीस-पन्नास अंशांवर, घरांच्या छपरांच्या कितीतरी वर असतो. आमच्याकडे तो नारळीच्या झावळ्यांत अडकतो. कांहीं बैठकींची अक्षांशपट्टी वीस अंशांच्या खालीं जातच नाहीं. कांहींची जाते, पण मग समतोलाचें वजन तिपाईच्या पायावर आपटतें. हौसेनें आणलेलें यंत्र दोनचार रात्रींच्या खटपटीनंतर माळ्यावर जाऊन पडावें, आणि तें आणणाऱ्या मुलाचा समज व्हावा कीं हें शास्त्र आपल्या गांवासाठीं नव्हेच, ही मोठी खेदाची गोष्ट होय. कारण वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. वरसे-रोहें या भागाचा अक्षांश साधण्यास जितका सोपा, तितका फारच थोड्या गांवांचा असेल.

ज्या घरांत पंचांगाचें गणित अजून कोणीतरी जाणतें, तेथें पलभा हा शब्द नवा वाटणार नाहीं. बारा अंगुळें उंचीचा शंकु सपाट जमिनीवर उभा करावा आणि ज्या दिवशीं सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवशीं मध्यान्हीं त्याची छाया मोजावी. ती त्या स्थळाची पलभा. बारांस पलभेचें जें प्रमाण, तेंच अक्षांशाचें माप. आतां १८ अंश २६ कलांसाठीं हें गणित केलें तर उत्तर येतें चार अंगुळें. पावणेचार नव्हे, सव्वाचार नव्हे, नेमकीं चार. बारांस चार म्हणजे तीनास एक.

आपल्या पूर्वजांपैकीं ज्यानें हें माप नित्य वापरलें असेल तो वरसे गांवापासून फार दूरचा नव्हता. शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० मध्यें ‘ग्रहलाघव’ रचणारा गणेश दैवज्ञ हा मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचा. नांदगांव वरसे गांवाच्या जवळजवळ थेट पश्चिमेस, समुद्रकांठीं आहे. दोहोंच्या अक्षांशांत कांहीं कलांचेंच अंतर आहे. म्हणजे गणेश दैवज्ञाच्या अंगणांतील पलभाही जवळजवळ चारच अंगुळें भरली पाहिजे. ग्रहलाघवाची कीर्ति मुख्यतः एका गोष्टीसाठीं आहे. ज्या-चापांच्या कोष्टकांवांचून, साध्या गुणाकार-भागाकारानें ग्रहगणित करण्याची सोय त्यानें लावून दिली. पलभेस १०, ८ आणि १०/३ यांनीं गुणलें कीं दिनमानासाठीं लागणारीं चरखंडें पळांत मिळतात. चार पलभेचीं तीं ४०, ३२ आणि सुमारें १३. जो प्रदेश एवढ्या सुटसुटीत आंकड्यांवर वसला आहे, तेथें राहून कठीण गणिताचा कंटाळा येणें मला स्वाभाविक वाटतें. अर्थात् हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे.

याची प्रचीति घरच्या मुलांनाही घेतां येईल. सप्टेंबरांतील विषुवदिन कोंकणांत बहुधा ढगांतच जातो, म्हणून मार्चच्या २० किंवा २१ तारखेस गच्चीवर छत्तीस इंच उंचीची सरळ काठी ओळंब्यानें उभी करावी. भारतीय प्रमाणवेळेप्रमाणें वरसे येथें त्या दिवशीं खरें मध्यान्ह १२ वाजून ४५ मिनिटांच्या सुमारास होतें. त्या वेळीं छाया बारा इंच भरेल, आणि तिची दिशा हीच खरी उत्तर-दक्षिण होय. त्या रेघेवर खडूनें खूण करून ठेवावी, तिचा उपयोग रात्रीं होईल.

आतां हीच आकृति आडवी पाडा. काठी जमिनीवर निजवा आणि छायेएवढी उंची तिच्या उत्तर टोंकाशीं उभी करा. दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाणारी ही जी तिरपी बाजू झाली, ती थेट आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेली आहे. गांवच्या सुताराला अंश-कलांची भाषा सांगण्याची जरुरी नाहीं. तीस इंच लांबीला दहा इंच उठाव असलेली सागवानी पाचर गुण्यांत करून दे, एवढें सांगितलें कीं पुरे. त्याच्या हातून एका सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची चूक झाली तर कोनांत सुमारें १३ कलांचा फरक पडेल. चांगला सुतार तेवढीही चूक करीत नाहीं.

एवढ्या चुकीनें काय बिघडतें, हें ज्याच्या त्याच्या भिंगावर अवलंबून आहे. ध्रुवाक्षाची उंची एका पूर्ण अंशानें चुकली, तरी तारा आपल्या जागेवरून मिनिटास फार तर १६ विकला ढळतो. पन्नास मिलिमीटरच्या साध्या भिंगानें काढलेल्या चित्रांत आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचें एक टिंबच मुळीं तेवढें असतें. तेव्हां मृग नक्षत्र किंवा आकाशगंगेचा पट्टा टिपणाऱ्यास सुताराची पाचर पुरून उरते. दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक लांब मळसूत्री खिळा एवढ्यावर चालणारी घरगुती बैठक स्कॉटलंडमधील हेग नांवाच्या गृहस्थांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केली, ती याच पाचरीवर बसवितां येते. बिजागरीची रेघ पाचरीच्या चढाशीं समांतर ठेवावी. मळसूत्राचे आटे एक-एक मिलिमीटरचे असतील तर तें बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरांवर बसवावें आणि मिनिटास एक वेढा या हिशेबानें हातानें फिरवावें. दहा मिनिटें हें साधन इमानें चालतें. मोठ्या दुर्बिणीची गोष्ट मात्र निराळी. एक मीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीस दोन-तीन कलांहून अधिक चूक सोसत नाहीं.

तीनास एक या चढाचें एक लोखंडी उदाहरण महाराष्ट्रांत होऊन गेलें. पुण्याचा अक्षांश १८ अंश ३२ कला, म्हणजे वरसे गांवाहून अवघा सहा कलांनीं अधिक. तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्यें प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांत तयार झालेली वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण तेथें होती. १९१२ सालीं वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण दक्षिणेंत कोडाईकनालला गेली. त्या स्थळाचा अक्षांश १० अंश १४ कला. दुर्बीण तीच, आरसा तोच. पण तेथें वेध घ्यावयाचे तर ध्रुवाक्ष आठ अंशांहून अधिक खालीं आणण्यावांचून गत्यंतर नाहीं. तीनास एक हा चढ तेथें साडेपांचास एक होतो. एवढें अवजड यंत्र गांव बदलल्याबरोबर आपली मान लववितें, हें मला फार बोधप्रद वाटतें.

आतां विकत घेतलेल्या बैठकीकडे वळूं. प्रथम तिपाई पाणसळीनें सपाट करावी. वास्तविक तारा धरण्यासाठीं तिपाई सपाट असण्याचें कांहींच कारण नाहीं; अक्षाची दिशा बरोबर असली म्हणजे झालें. परंतु अक्षांशपट्टीवरचा आंकडा खरा मानावयाचा तर पाया सपाट हवा, आणि नंतरच्या दुरुस्त्याही त्यानें सोप्या होतात. अक्षांशाचीं मळसूत्रें बहुधा समोरासमोर दोन असतात. एक सैल केल्यावांचून दुसरें आवळूं नये, नाहींतर आटे झिजतात. उंची साधतांना शेवटची हालचाल नेहमीं खालून वर असावी. वरून खालीं आणून सोडलेला अक्ष रात्रीं यंत्राच्या भारानें आणखी थोडा बसतो.

पट्टी वीस अंशांशींच अडत असेल तर निराश होऊं नये. आपल्याला दीड अंश खालीं यावयाचें आहे, आणि तीन फुटांस एक इंच हें जवळजवळ दीड अंशाचेंच माप आहे. तिपाईचा एक पाय बरोबर दक्षिणेस करावा, आणि तो उत्तरेकडील दोन पायांच्या रेघेपासून तीन फुटांवर असेल तर त्याच्याखालीं एक इंच जाडीची फळी सारावी. एक पाय दक्षिणेस ठेवण्यांत दुसराही लाभ आहे : उत्तरेकडे समतोलाच्या वजनाला फिरण्यास मोकळी जागा मिळते. स्थैर्य थोडें कमी होतें खरें; त्यासाठीं तिपाईच्या मध्यभागीं वाळूची पिशवी टांगावी.

रात्रीं ध्रुव दिसत असेल तर उत्तमच. मात्र ज्या ताऱ्याला विवाहांत अढळपणाचें प्रतीक म्हणून नववधूस दाखवितात, तोही पुरता अढळ नाहीं. आज तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारें ३८ कलांवर आहे, म्हणजे एका अहोरात्रांत चंद्रबिंबाहून मोठ्या त्रिज्येचें वर्तुळ काढतो. गणेश दैवज्ञाच्या काळीं तर हें अंतर तीन अंशांहून अधिक होतें. ध्रुव वर्तुळाच्या माथ्यावर असतां त्यावरच अक्ष रोखला तर उंची अर्ध्या अंशाहून अधिक चुकेल. शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असेल तेव्हां ध्रुवही बिंदूच्या वर असतो आणि सप्तर्षि वर असतील तेव्हां खालीं, एवढी खूण लक्षांत ठेवली तरी स्थूल काम भागतें. शिवाय क्षितिजाजवळच्या हवेंतून वांकून येणारा प्रकाश ध्रुवाला आणखी तीन कला वर उचलतो.

घरामागें आंब्याचें झाड असेल आणि ध्रुव दिसतच नसेल, तर पूर्वेकडील तारा आपले काम करतो. उत्तर दिशा मार्चमध्यें आंखलेल्या खडूच्या रेघेवरून घ्यावी, अथवा होकायंत्रानें. कोंकणांत चुंबकाची सुई खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आंतच राहते, हें आपलें भाग्य. फक्त तें लोखंडी तिपाईपासून दूर धरावें. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीं अलिबागेस हलविली गेली, कारण ट्रामच्या विजेच्या प्रवाहानेंही चुंबकाची सुई विचलित होते. नंतर विषुववृत्ताजवळचा, पूर्वेस थोडा वर आलेला तारा दुर्बिणींतील तारांच्या फुलीवर धरून पांच-दहा मिनिटें नुसतें पाहत राहावें. तारा उत्तरेकडे सरकूं लागला तर ध्रुवाक्ष जास्त उंच आहे. दक्षिणेकडे सरकला तर ठेंगणा आहे. पश्चिमेकडील तारा घेतल्यास याच्या उलट समजावें. मळसूत्र किंचित् फिरवून पुन्हां पाहावें, आणि तारा फुलीवर स्थिर होईपर्यंत हें करीत राहावें. यास धीर लागतो. पण ध्रुव न पाहतां अक्ष ध्रुवावर लागतो, यांतील आनंद कांहीं वेगळाच आहे.

ध्रुव ठेंगणा असण्याची भरपाई दक्षिणेस होते. लंडनच्या हौशी निरीक्षकास जन्मभर घरून न दिसणारा अगस्त्य वरसे येथें १८ अंश ५२ कला उंचीपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या मध्यास, रात्रीं नऊ-साडेनऊच्या सुमारास, तो दक्षिणेस माथ्याशीं येतो, तेव्हां उत्तरेस ध्रुव आणि दक्षिणेस अगस्त्य जवळजवळ एकाच उंचीवर असतात. त्रिशंकूही पुढें चैत्र-वैशाखांत दिसतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीचे आणि वाढत्या शहराचे दिवे हें आकाश दरसाल थोडें थोडें फिकें करीत आहेत. म्हणून ज्यांना दक्षिणेकडील हे तारे टिपून ठेवावयाचे असतील त्यांनीं फार वाट पाहूं नये.

पाचर पावसाळ्यापूर्वीं तेल पाजून कोरड्या जागीं ठेवावी, कारण कोंकणांतील वाळवीस सागवानाचाही विधिनिषेध नसतो. आणि तिच्या अंगावर गांवाचें नांव कोरून ठेवावें. सुटींत ती मुंबईस नेली तर तीस इंचांच्या लांबीवर तिचा उठाव सुमारें अडीच सुतें कमी पडेल, आणि नेणाऱ्यास तें कोणीतरी सांगावयास हवें.