चार चपात्या, मासवडी आणि नाईट शिफ्ट

कमी कर्बोदकांच्या आहारात धान्य, साखर आणि कंदमुळांतून येणारी कर्बोदके दिवसाला साधारण १३० ग्रॅमच्या आत ठेवतात आणि उरलेली भूक प्रथिने, स्निग्ध पदार्थ व भाज्यांवर भागवतात. कीटो आहारात हीच मर्यादा २० ते ५० ग्रॅमवर येते. पुण्याजवळच्या भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीत हा आकडा पाळणे किती अवघड आहे, ते कँटीनचे एक ताट पाहिले की कळते. चपातीला ३० ग्रॅम कणीक धरली, तर चार चपात्यांतून ७५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जातात. त्यावर दीडशे ग्रॅम शिजलेला भात घेतला की आणखी ४०. दिवसभराची मर्यादा एका जेवणातच जवळपास संपते.

या आहाराचा इतिहास जुना आहे. लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ मध्ये पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवल्याची पुस्तिका काढली. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी कीटो आहार सुचवला आणि १९७२ मध्ये कमी कर्बोदकांच्या आहारावरचे अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक आले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी पोचली. मात्र तिचा भर इन्सुलिन किती वेळा स्रवते यावर आहे, कर्बोदके मोजण्यावर नाही.

पुण्याच्या परिसरात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो तो डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापून आली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. अशी लपलेली चरबी मधुमेहाचा धोका वाढवते, म्हणून कारखान्याच्या लाइनवरचा सडपातळ मुलगा काट्यावर बरोबर दिसला, तरी त्याची साखर तपासणे गरजेचे असते.

त्यात शिफ्टची भर पडते. रात्री शरीर इन्सुलिनला कमी दाद देते, त्यामुळे तेच अन्न दुपारपेक्षा रात्री साखर अधिक चढवते. नेमक्या त्याच वेळी गेटबाहेरच्या टपरीवर चहा, खारी, क्रीमरोल आणि वडापाव एवढेच मिळते. पावाच्या वजनातले जवळपास निम्मे कर्बोदक असते आणि आत बटाटा. दोन चमचे साखरेचे चार चहा झाले, तर ३० ते ४० ग्रॅम साखर नुसती पेल्यातूनच जाते. आधी कमी करण्यासारखी गोष्ट हीच.

चपाती सोडून भाकरी धरली की काम झाले, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅममागे कर्बोदके बाजरीत सुमारे ६२, कणकेत ६४ आणि ज्वारीत ६८ ग्रॅम आहेत. शिवाय ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसल्याने पीठ ताणले जात नाही. भाकरी थापावी लागते, ती जाड होते आणि एका भाकरीत दोन चपात्यांचे पीठ सहज बसते. भाकरी चविष्ट आहे, पोटाला धरून राहते, पण दोन भाकऱ्या म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके.

खरी वाट भाकरीच्या शेजारी वाढलेल्या पदार्थांत आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, तिथली आणि जुन्नर-आंबेगावची मासवडी त्यात अव्वल. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरून घट्ट शिजवतात आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने पातळ थापतात. गार झाले की ते चिरते, म्हणून हात चटचट चालावा लागतो. वर भाजलेले तीळ, सुके खोबरे, शेंगदाण्याचे कूट, परतलेला कांदा-लसूण आणि कोथिंबीर पसरून फडक्यानेच दुमडतात, दाबून तिकोनी वळी करतात आणि निवल्यावर तिरके काप पाडतात. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. हरभऱ्याच्या डाळीत १०० ग्रॅमला कर्बोदके सुमारे ४७ ग्रॅम, प्रथिने २१ आणि तंतू १५ ग्रॅम असतात. माणशी ४० ग्रॅम बेसन धरले, तर त्यातली कर्बोदके २० ग्रॅमच्या आत राहतात. तीळ-खोबऱ्यामुळे भूक लांबते. उष्मांक मात्र कमी नसतात. पाच काप, अर्धी भाकरी, काकडी आणि वाटीभर रस्सा हे कोणत्याही परदेशी कीटो पाककृतीपेक्षा सरस जेवण आहे. झुणका, मटकीची उसळ, अंडाभुर्जी, मेथीची पातळ भाजी हे पदार्थही याच कामाचे. मिसळ खायचीच, तर उसळ वाढवून घ्यावी, फरसाण कमी सांगावे आणि पाव एकच घ्यावा.

अडचण पैशांची आणि सोयीची आहे. लातूर-बीड-नांदेडहून आलेली, चौघांत एक खोली घेऊन राहणारी कॉन्ट्रॅक्टवरची मुले मेसच्या डब्यावर असतात आणि डब्यात स्वस्त ते जास्त असते: चपाती आणि भात. त्यांना बदाम-पनीरचे तक्ते देण्यात अर्थ नाही. दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि भाताऐवजी जास्तीची उसळ एवढे परवडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली आणि तिच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा दिली. उसळीची वाटी मोठी करा, रात्रपाळीला अंडी ठेवा, ही मागणी तिथे लावून धरण्यासारखी आहे.

मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू ठेवून एकदम चपात्या बंद केल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. प्रेसवर किंवा क्रेनवर उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा आलेली चक्कर जिवावर बेतू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांसोबत कीटो केल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो आणि साखर फार वाढलेली नसतानाही तसे घडू शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये.