पर्याय नाहीत, फक्त टर्मिनल

रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत चारांतून एक पर्याय निवडा, असला प्रकारच नाही. समोर चालू लिनक्स यंत्रणा आणि कामांची यादी; वेळ ३ तास, गुण ३००, उत्तीर्ण व्हायला २१०. इंटरनेट बंद, पण यंत्रणेतली मॅन पेजेस (आज्ञांची माहितीपाने) चाळायला मुभा (पाठांतरवाल्यांची पंचाईत इथेच होते). अभ्यासक्रमात साध्या शेल स्क्रिप्टही आहेत: इफची अट, फॉरचे लूप, बाहेरून आलेले आर्ग्युमेंट हाताळणे. तपासणी निकालाची होते, स्क्रिप्टच्या देखणेपणाची नाही. खरी मेख रीबूटची. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर सेटिंग टिकले नाही, तर गुण गेले. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षे. पुढच्या पायरीच्या आरएचसीई परीक्षेत आता मुख्य भर अन्सिबल या स्वयंचलन साधनावर असतो.