माकडाचे पिल्लू घरात नको

श्रोतेहो, दौंडच्या बाजारात डमरूवर नाचणारे माकड जुन्या माणसांना आठवत असेल. 1998 साली केंद्र सरकारने या खेळांवर बंदी घातली. पण पिल्लू पाळण्याची हौस काही जात नाही.

पिल्लू गोजिरवाणे खरे, पण चार-पाच वर्षांत ते वयात येते. टोळीत मान ठरतो तो दात दाखवून, चावून. घरातही ते हीच रीत चालवते, आणि लहान लेकरू त्याला कमी मानाचे वाटते. मग चावा, मागून साखळी. रानात सोडावे, तर परकी टोळी त्याला सहसा जवळ करीत नाही. शिवाय वानर पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पोरके पिल्लू दिसले, तर वनखात्याला 1926 वर कळवावे. चावा बसलाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच दवाखाना गाठावा. गुरुजनहो, एवढे मुलांना जरूर सांगा.